हाड भरून येण्याआधी परतफेडीची शर्यत ठरवू नका

वाचकाचे पत्र, थोडक्यात

सातारा परिसरात राहणाऱ्या आणि एका सहकारी बँकेत नोकरी करणाऱ्या ४२ वर्षांच्या एका भगिनींचे हे पत्र आहे. काही वर्षे नियमित धावल्यानंतर जूनमध्ये त्या दक्षिण आफ्रिकेतील ‘कॉम्रेड्स’ या सुमारे ९० किलोमीटरच्या अल्ट्रामॅरेथॉनमध्ये उतरल्या. त्या वर्षीची शर्यत पीटरमारित्झबर्गहून दर्बानकडे, म्हणजे एकंदरीत उताराची होती. शर्यतीच्या तीन आठवडे आधी त्यांच्या डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले होते. प्रशिक्षकांना सांगितल्यावर, ‘टेपरमध्ये (शर्यतीआधी सराव कमी केलेल्या काळात) सगळ्यांनाच असे वाटते, मन खेळ करते, लक्ष देऊ नका’ असे उत्तर मिळाले. पन्नास किलोमीटरनंतर दुखणे वाढत गेले. सोबतच्या एका धावपटूने दिलेली वेदनाशामक गोळी घेऊन त्या पुढे गेल्या, पण फील्ड्स हिलचा उतार संपून पाइनटाउन आले तेव्हा पाय टेकवेना. २० किलोमीटर उरल्याची पाटी दिसत असताना त्या पदपथाच्या कडेला बसल्या आणि थांबलेल्या धावपटूंना घेऊन जाणाऱ्या बसमध्ये चढल्या. परतल्यावर केलेल्या एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाच्या खालच्या भागात, आतल्या कडेला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवार ताण पडून हाडाला गेलेली बारीक भेग, दिसले. डॉक्टरांनी आठ ते दहा आठवडे धावणे बंद ठेवण्यास सांगितले आहे. आता पाच आठवडे झाले असून साधे चालताना दुखत नाही.

त्या पुढे लिहितात: “जाण्याआधी बँकेतल्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढली, सत्कार केला, चौकात ‘जिद्दीला सलाम’ असा फ्लेक्स लावला. आता त्या चौकातून जाणे टाळते. प्रशिक्षकांनी आमच्या ग्रुपवर, नाव न घेता, ‘शेवटचे वीस किलोमीटर पायांनी नाही, मनाने धावायचे असतात’ असे लिहिले. ते कोणासाठी होते हे सगळ्यांना कळले. यजमान म्हणतात, ‘आता पुरे.’ मला सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावून सगळ्यांची तोंडे बंद करायची आहेत आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा कॉम्रेड्सला जायचे आहे. पण रात्री झोप लागत नाही, तेव्हा एकच प्रश्न समोर येतो. मी थांबले ते पायामुळे, की मनाने खचले म्हणून?”

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्यावर टेकून उभे आहेत.

पाय आणि मन यांपैकी एकच कारण खरे असले पाहिजे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. पाइनटाउनच्या त्या पदपथावर तुम्ही बसलात तेव्हा सुमारे सत्तर किलोमीटर मागे पडले होते, हाडात भेग होती, पहाटेपासून अंगावर ऊन आणि घाम होता, आणि उरलेल्या वीस किलोमीटरचा आकडा डोळ्यांसमोर होता. अशा क्षणी मन खचणारच. ते खचले म्हणून हाडातली भेग खोटी ठरत नाही. आपण थांबलो तेव्हा मनात धैर्य होते की भीती होती, याचा निवाडा आज कोणालाच करता येणार नाही, आणि तो करण्याची गरजही नाही. एमआरआयच्या अहवालात जे लिहिले आहे त्यावरून एवढे नक्की म्हणता येते की तुम्ही घेतलेला निर्णय योग्य होता. भेगाळलेल्या नडगीवर आणखी वीस किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यावर, रेटले असते तर ती भेग आरपार जाऊन हाड पूर्ण मोडण्याची शक्यता होती. तसे झाले असते तर आज आठ-दहा आठवड्यांच्या विश्रांतीऐवजी शस्त्रक्रिया आणि सळई यांची चर्चा करावी लागली असती.

तुमच्या प्रशिक्षकांचे वाक्य पूर्ण चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. लांब पल्ल्याच्या धावण्यात थकवा, कंटाळा, मांड्या भरून येणे, मळमळ यांतून मनाच्या बळावर पुढे जाता येते, आणि तुम्हीही पन्नास किलोमीटरपर्यंत तसेच गेला असणार. परंतु स्नायूचे दुखणे आणि हाडाचे दुखणे यांना एकच नियम लावणे ही प्रशिक्षकाच्या कामातली गंभीर चूक आहे, आणि तुमच्या बाबतीत ती दोनदा झाली. एकदा टेपरमध्ये आणि एकदा ग्रुपवर. टेपरच्या आठवड्यांत धावपटूंना इकडेतिकडे दुखल्याचे भास होतात हे खरे आहे. पण ते दुखणे आज गुडघ्यात तर उद्या टाचेत असे फिरते आणि दोन दिवसांत विरते. हाडाचे दुखणे जागा सोडत नाही. बोटाच्या टोकाने ‘इथे’ म्हणून दाखवता येते, त्या जागी दाबले की कळ येते, धावायला लागल्यावर अंग गरम होऊन कमी होण्याऐवजी ते प्रत्येक पावलागणिक वाढते, आणि पुढच्या टप्प्यात रात्री अंथरुणावरही ठणकते. एका पायावर हलकी उडी मारून पाहिल्यास त्याच ठिकाणी कळ उठते. तुमच्यासारख्या ज्यांचे दुखणे आज ‘शिन स्प्लिंट (धावण्याने नडगीत होणारे साधे दुखणे) असेल’ म्हणून सोडून दिले जात आहे, त्यांनी यांपैकी दोन खुणा जुळत असतील तर धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना दाखवावे. साध्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण पहिले दोन-तीन आठवडे अशी भेग एक्स-रेमध्ये बहुधा दिसतच नाही. एमआरआयमध्ये ती लवकर दिसते.

वेदनाशामक गोळीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण मोठ्या शर्यतींमध्ये ती खिशात ठेवणारे आणि आपुलकीने दुसऱ्याला देणारे बरेच असतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गटातल्या गोळ्या वेदनेची सूचना दाबून टाकतात, आणि शरीरातले पाणी कमी झालेले असताना, स्नायूंची झीज रक्तात उतरत असताना त्या मूत्रपिंडांवर जादा भार टाकतात. लांब शर्यतीनंतर लघवी कोलासारखी गडद झाली, फारच कमी झाली, अंगावर सूज आली किंवा भान सुटल्यासारखे वाटले, तर घरी झोपून न राहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. तुमच्या बाबतीत तो धोका टळला आहे. मात्र पुढच्या तपासण्यांत मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन एकदा पाहून घ्यायला हरकत नाही.

आता सप्टेंबरच्या शर्यतीकडे वळू. चालताना दुखत नाही म्हणजे हाड भरले, हे तुमचे दुसरे गृहीतक आहे, आणि बहुतेक धावपटू याच ठिकाणी पुन्हा जायबंदी होतात. हाडाची डागडुजी रस्त्याच्या कामासारखी चालते. ताण पडलेला जुना थर आधी खरवडून काढला जातो आणि त्यानंतर नवा भरला जातो. खरवडण्याचे काम साधारण दोन ते तीन आठवड्यांत होते, पण नवा थर भरून पक्का व्हायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात. मधल्या काळात ते हाड आधीपेक्षाही नाजूक असते, मात्र दुखत नाही, कारण सूज ओसरलेली असते. तुम्ही आज नेमक्या याच काळात आहात. सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा मार्ग तुम्हाला पाठ असेलच: यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच घाट उतरून परत यायचे. चढताना कदाचित काहीच जाणवणार नाही. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला नडगीवर जो आघात होतो तो सपाटीपेक्षा बराच जास्त असतो, आणि तुमचा पाय टेकवेनासा झाला तोही उतारावरच. कॉम्रेड्सची उताराची शर्यत सोपी असते असा अनेकांचा समज आहे; फील्ड्स हिलच्या सुमारे तीन किलोमीटरच्या तीव्र उतारावर तो कसा गळून पडतो हे तुम्ही अनुभवले आहे. म्हणून सप्टेंबरच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ‘हळूहळू धावेन’, ‘अर्धे अंतर चालेन’ या सवलतींनाही तेच उत्तर आहे. बिब, म्हणजे शर्यतीचा क्रमांक, अंगावर लागला की हळू जायचा निश्चय टिकत नाही, आणि तुम्ही तर कोणाची तरी तोंडे बंद करायला उतरणार आहात.

त्या तोंडांविषयीही थोडे बोलू. फ्लेक्स लावणाऱ्या, वर्गणी देणाऱ्या सगळ्यांनी तुमच्यावर पैसे लावले होते आणि ते बुडाले, अशा भावनेने तुम्ही चौक टाळत आहात. सहकाऱ्यांच्या वर्गणीचा अर्थ असा नसतो. रोज काउंटरवर शेजारी बसणारी बाई परदेशात नव्वद किलोमीटर धावायला निघाली याचे त्यांना अप्रूप होते. पदकाची हमी कोणी मागितली नव्हती आणि तुम्ही दिलीही नव्हती. परत आल्यापासून तुम्ही काही बोलला नाहीत, त्यामुळे त्यांनाही काय विचारावे हे कळत नसेल, आणि दोन्हीकडच्या या अवघडलेपणाला तुम्ही नापसंती समजत असण्याची दाट शक्यता आहे. यावर उपाय साधा आहे. चार ओळींचा एक निरोप लिहा: ‘सुमारे ७० किलोमीटर पूर्ण केल्यावर नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झाल्यामुळे मला शर्यत सोडावी लागली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे आणि मी बरी होत आहे. तुम्ही सगळ्यांनी दिलेल्या पाठिंब्यामुळे मी तिथपर्यंत पोहोचले, त्याबद्दल मनापासून आभार. वाटेत काय पाहिले ते एकदा चहाला बसून नक्की सांगेन.’ यात क्षमायाचना नाही आणि पुढच्या वर्षीचे आश्वासनही नाही, आणि ते दोन्ही मुद्दाम टाळलेले आहे. आभार मानताना ‘पुढच्या वेळी पदक आणीनच’ असे लिहिण्याचा मोह होईल. त्या एका वाक्याने तुम्ही पुढचे अकरा महिने स्वतःला बांधून घ्याल. फ्लेक्स अजूनही चौकात असेल आणि तो खुपत असेल, तर ज्यांनी लावला त्यांनाच सांगून उतरवून घ्या. त्यात कोणाचा अपमान नाही.

ज्या शर्यतीने तुम्हाला इतके लाजवले आहे तिचा इतिहासही पाहावा असे वाटते. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ विक क्लॅफम यांनी ती सुरू केली. २४ मे १९२१ रोजी पहिल्यांदा ती झाली तेव्हा ३४ जण निघाले आणि १६ जण पोहोचले, म्हणजे निम्म्याहून अधिक लोक वाटेतच थांबले. आज बारा तासांची मुदत संपताच पाठमोरा उभा असलेला अधिकारी बंदूक उडवतो आणि त्यानंतर दोन-चार पावलांवर असलेल्याचीही नोंद होत नाही. हजारोंचे शिस्तबद्ध नियोजन असूनही दर वर्षी अनेक जण बसने परततात. युरोपात मों ब्लां पर्वताभोवती होणाऱ्या सुमारे १७० किलोमीटरच्या यूटीएमबी शर्यतीत तर साधारण एक तृतीयांश धावपटू शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. २०१८ साली तिथून किलियन जोर्नेट आणि जिम वॉल्म्स्ली हे नामवंत धावपटूही बाहेर पडले; जोर्नेट मधमाशीच्या दंशानंतर. वॉल्म्स्ली २०२१ मध्ये पुन्हा अर्ध्यातून बाहेर पडले आणि २०२३ मध्ये ते पहिले आले. ही उदाहरणे देताना एक खबरदारी घेते. ‘हरलेला परत येऊन जिंकतो’ ही गोष्ट ऐकवण्यासाठी मी ती दिलेली नाहीत. त्या दोन माघारींमध्ये आणि त्या विजयात मिळून पाच वर्षे गेली, आणि वॉल्म्स्ली हे पूर्णवेळ धावपटू आहेत. त्यांना सकाळी साडेनऊला बँकेत पोहोचायचे नसते.

आता ज्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे तिच्याकडे येते. तुमच्या पत्रात तीन वाक्ये जाता जाता आली आहेत आणि तुम्ही स्वतः त्यांच्याकडे लक्ष दिलेले दिसत नाही. गेल्या वर्षभरात सहा किलो वजन उतरले आणि सगळ्यांनी कौतुक केले. पाळी अनियमित झाली, ‘वय झाले’ म्हणून तुम्ही सोडून दिले. आणि सरावाच्या दिवशीही सोमवार आणि संकष्टी चुकली नाही. तुम्ही विचारले आहे की मनाने खचले का. मला विचारावेसे वाटते की इतका सराव करणाऱ्या शरीराला पुरेसे अन्न मिळत होते का. पहाटे पाचला एक केळे आणि कोरा चहा घेऊन निघायचे, पंचवीस-तीस किलोमीटर धावून यायचे, आल्याबरोबर डबे भरायचे, स्वतः उभ्याउभ्या अर्धी पोळी खायची, दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, आणि रात्री सगळ्यांचे झाल्यावर उरलेले: आपल्याकडच्या नोकरदार धावपटू स्त्रियांचा दिवस बहुधा असा जातो. खर्च होणारी ऊर्जा आणि खाल्लेले अन्न यांत महिनोन्महिने तूट राहिली की शरीर काटकसर करू लागते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरते, पाळी बिघडते, आणि हाडात नवा थर भरण्याचे काम मागे पडते. क्रीडावैद्यक शास्त्रात या अवस्थेला ‘रेड-एस’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली ती मांडली. ती पुरुषांनाही होते, पण स्त्रियांमध्ये पाळीतला बदल ही तिची लवकर दिसणारी खूण आहे. बेचाळिसाव्या वर्षी पाळी बदलण्यामागे रजोनिवृत्तीकडची वाटचालही असू शकते, थायरॉइडही असू शकतो. म्हणून अंदाज न करता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि मोडलेल्या हाडाचा अहवाल सोबत न्या. हाड आणि पाळी हे दोन वेगळ्या डॉक्टरांचे विषय आहेत असे आपण मानतो, पण इथे दोघांनीही एकमेकांचे कागद पाहणे आवश्यक आहे.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) यांबद्दल डॉक्टरांना विचारा. भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, आणि पहाटे अंधारात धावून दिवसभर छताखाली बसणाऱ्यांना धावण्यामुळे ऊन मिळते असे मानता येत नाही. औषधाच्या दुकानातून साठ हजार युनिटची पुडी स्वतःच आणून घेत राहू नका. किती आणि किती काळ हे रक्तातले प्रमाण पाहूनच ठरवायचे असते. हाडाची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

जेवणाबद्दल सांगायचे तर सप्लिमेंटच्या डब्यांआधी ताट भरणे महत्त्वाचे आहे. निघण्यापूर्वी केळ्यासोबत मूठभर खजूर-शेंगदाणे किंवा गूळ-पोळी, आणि परत आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात बसून खाल्लेली पूर्ण न्याहारी, एवढा बदल झाला तरी मोठा फरक पडतो. प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, त्याशिवाय दूध, दही, ताक, तीळ आहेतच. प्रथिनांसाठी दोन्ही वेळच्या जेवणात उसळ, पिठले, डाळ, पनीर किंवा चालत असल्यास अंडी-मासे ठरवून असावेत. उपवासाचा प्रश्न श्रद्धेचा आहे आणि त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. मात्र उपवास आणि लाँग रन एका दिवशी किंवा लागोपाठच्या दिवशी येऊ नयेत एवढी आखणी श्रद्धेला धक्का न लावता करता येते, आणि हाड भरेपर्यंत कडक उपवास थांबवल्यास घरातील मोठी माणसेही बहुधा समजून घेतात. गेलेले सहा किलो कौतुकाचे वाटत असले तरी त्यांतले दोन-तीन परत आले तर घाबरू नका.

धावण्याकडे परतताना घाई कुठे होते हे माहीत असावे. तुमची भेग नडगीच्या आतल्या कडेची आहे आणि ती सहसा विश्रांतीने भरते. नडगीच्या पुढच्या बाजूची, मांडीच्या हाडाच्या मानेची किंवा पावलातल्या नॅव्हिक्युलर हाडाची भेग असेल तर प्रकरण अधिक गंभीर असते, म्हणून इतर वाचकांनी तुमचे वेळापत्रक स्वतःला लावू नये. डॉक्टरांनी दिलेला काळ पूर्ण झाला, दाबल्यावर दुखेनासे झाले, आणि रोज अर्धा तास भरभर चालून त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच जाणवले नाही असा किमान एक आठवडा गेला, की मग धावण्याचा विचार करायचा. तोपर्यंत डॉक्टरांच्या परवानगीने पोहणे, सायकल, किंवा कंबरेला पट्टा बांधून खोल पाण्यात धावण्याची हालचाल यांनी दम टिकवता येतो. सुरुवात सपाट मातीच्या मैदानावर, एक दिवसाआड, एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे इतकी माफक असावी. धावण्याची मिनिटे हळूहळू वाढवत अर्धा तास सलग धावण्यापर्यंत पोहोचायला सहा ते आठ आठवडे लागले तर ते सामान्य समजा. आधी वेळ वाढवा, वेग नंतर, चढ त्यानंतर, आणि यवतेश्वरचा उतार सगळ्यांत शेवटी. पाऊल थोडे आखूड ठेवून पावलांची संख्या पाच ते दहा टक्के वाढवली की नडगीवरचा भार कमी होतो. पोटरीचे व्यायाम, विशेषतः गुडघा वाकवून टाच उचलण्याचा, फिजिओथेरपिस्टकडून शिकून वजन वाढवत करा. पोटरीचा स्नायू बळकट असेल तर हाडाला मिळणारा आधार वाढतो. मधेच त्या जागी पुन्हा कळ आली तर दोन दिवस थांबून आधीच्या टप्प्यावर जा, आणि ती परत आली तर डॉक्टरांकडे जा.

या हिशेबाने पुढचा जून पाहू. कॉम्रेड्सच्या पात्रतेसाठी ४२ किलोमीटरची मॅरेथॉन अलीकडे चार तास पन्नास मिनिटांच्या आत पूर्ण केलेली असावी लागते, आणि नोंदणी ऑक्टोबरच्या सुमारास उघडते. म्हणजे तुम्ही जेमतेम अर्धा तास धावू लागला असाल तेव्हाच पैसे भरून मोकळे व्हावे लागेल, आणि जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी तीनच महिने हातात राहतील. माझे स्पष्ट मत असे आहे की पुढचे वर्ष सोडावे. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ आणि करोनामुळे २०२० व २०२१ अशी खंडित होऊनही ही शर्यत शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तुम्ही दोन वर्षांनी गेलात तरी ती असेल. तोपर्यंत जायचे की नाही हे मुद्दाम अनिर्णित ठेवा. पाळी नियमित झाली किंवा तिच्यातील बदलाचे कारण कळले, रक्ताचे आकडे सुधारले, आणि एक संपूर्ण मोसम दुखापतीशिवाय गेला, की मग त्याच शर्यतीची ओढ उरते का ते स्वतःला विचारा. तेव्हा तुम्हाला सह्याद्रीतच धावावेसे वाटेल, किंवा अर्धमॅरेथॉनवरच समाधान वाटेल. तेही पूर्ण समाधानाने स्वीकारण्यासारखे आहे.

यजमानांच्या ‘आता पुरे’ या शब्दांचा अर्थ तुम्ही बंदी असा घेतला आहे. विमानतळावर लंगडत आलेली बायको पाहिलेल्या माणसाचे ते शब्द आहेत, हे लक्षात घेऊन पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांना डॉक्टरांसमोर विचारू द्या. ‘पुन्हा शर्यतीला जाऊ का’ हा विषय त्या दिवशी काढू नका. घरातील कामांची वाटणी, पहाटेच्या न्याहारीची सोय आणि रविवारचा वेळ यांवर बोलणे झाले तर त्याचा तुमच्या हाडालाही उपयोग होईल.

झोप न लागण्याकडेही दुर्लक्ष करू नका. वर्षभर ज्या ध्येयाभोवती दिवस आखले ते संपले आणि रोजचे धावणेही बंद पडले, तर काही आठवडे उदास जाणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातला रस गेलेला असेल, तर समुपदेशकांना भेटा; शासनाच्या टेलि-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते.

राहता राहिले प्रशिक्षक. त्यांच्याशी भांडावे असे मी सुचवणार नाही, आणि ग्रुपवर उत्तर देऊ नका. तो ग्रुप काही दिवस म्यूट करा आणि एमआरआयचा अहवाल त्यांना स्वतंत्रपणे पाठवून भेटीची वेळ मागा. ते अहवाल वाचून आपले बोलणे मागे घेतात की नाही, यावरून बरेच कळेल. त्यांच्याकडेच सराव पुढे चालू ठेवायचा विचार असेल तर दोन गोष्टी आधी ठरवून घ्या: एखाद्या ठिकाणी बोट ठेवून दाखवता येणारे दुखणे तीन दिवस टिकले तर सराव थांबेल आणि डॉक्टरांचे मत अंतिम राहील; आणि तुमच्या सरावाची आखणी करताना तुमचा आहार आणि पाळी यांची नोंद ठेवली जाईल. या दोन्हींना त्यांनी होकार दिला तर चालू ठेवा. त्यांनी टाळाटाळ केली, तर सातारा, पुणे किंवा कोल्हापूरमध्ये फिजिओथेरपिस्टसोबत काम करणारे दुसरे प्रशिक्षक शोधण्यासाठी तुमच्याकडे आता पुरेसा वेळ आहे.